मोठे टायर, नवं क्राऊन-पिनियन: जुन्या फोर-व्हील जीपचा रेशो बदलण्याची रीत

मृग लागायच्या आधी आमच्या परतवाड्याच्या भागात जुन्या जीपवाल्यांची धांदल उडते. पहिल्या दोन पावसांतच पांदणीतली काळी माती फुगते, चाकाला लिंपते, आणि संत्र्याच्या बागेपर्यंत खताची दोन पोती नेणंही मुश्कील होतं. म्हणून लोक उन्हाळ्यातच मोठे टायर चढवतात. टायर चढले की चौथ्या दिवशी माणूस दारात उभा असतो: "भाऊ, गाडी ओढूनच नाही राह्यली. काहून बाप्पा?"

इंजिनला काही झालेलं नसतं. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडीला जास्त अंतर कापावं लागतं, आणि तेवढा भार इंजिनवर येतो. सेमाडोह-हरिसालकडच्या चढावर जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागतो, क्लच जळल्याचा वास येतो. यावरचा खरा इलाज म्हणजे एक्सलमधलं क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर (पिनियन) आणि तो फिरवतो ते मोठं दातेरी चाक (क्राऊन), ही जोडी बदलून रेशो पुन्हा जुळवणं.

हा लेख पहिल्यांदाच हाउसिंग, म्हणजे ही जोडी ज्यात बसते ते एक्सलचं कवच, उघडणाऱ्यांसाठी आहे. डोळ्यासमोर जुनी जीप धरली आहे. महिंद्रानं १९४७ साली विलीज जीप इथे जोडायला घेतली, तेव्हापासून पुढेमागे सलग हाउसिंगचा एक्सल ही मांडणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तुमची गाडी वेगळी असली तरी क्रम हाच. आकडे मात्र तुमच्या गाडीच्या आणि तुमच्या गिअर-जोडीच्या कागदावरचेच धरा.

आधी आपला रेशो किती ते मोजा

क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो. ४३ दातांचा क्राऊन आणि ८ दातांचं पिनियन म्हणजे ५.३८. ३९ आणि ८ म्हणजे ४.८८. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि टॉपची पळ कमी.

पन्नास वर्षांत तीन-चार मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीत काय निघेल याचा भरवसा नाही, म्हणून सांगोवांगीवर पार्ट मागवू नका. हाउसिंग न उघडताही रेशो मोजता येतो. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. बऱ्याच जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागच्या ड्रमवर असतो, म्हणून तोही सोडावा लागतो. अशा वेळी गाडीला काहीच धरून ठेवत नाही, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी जड लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर (एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची एकेक रेघ मारा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. तोच तुमचा रेशो. एक चाक थांबलेलं असल्यानं दुसऱ्याचे दोन फेरे झाले की क्राऊनचा एक होतो. नेमका आकडा हवा असेल तर चाक वीस फेरे फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्यांना दहानं भागा. हेच पुढच्या एक्सललाही करा. पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडणारे लॉकिंग हब असतील तर दोन्ही बाजूंचे आधी लॉक करा.

नवा रेशो किती हवा

जुन्या रेशोला नव्या टायरच्या उंचीनं गुणा आणि जुन्या टायरच्या उंचीनं भागा. समजा गाडीला २१५/७५ आर १५ टायर होते. त्यांची उंची ७०३ मि.मी. आता ३१ इंची टायर घातले, म्हणजे ७८७ मि.मी. जुना रेशो ४.८८ असेल तर गणित ५.४६ वर येतं. तसला संच शोधत बसू नका, जवळचा ५.३८ घ्या.

इंजिनचे फेरे किती पडतील हेही घरीच काढता येतं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर. टायरचा घेर २.२१ मीटर असेल तर मिनिटाला चाकाचे ४५२ फेरे होतात. टॉप गिअर सरळ असेल, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शाफ्टचा आणि इंजिनचा फेरा एकच असेल, तर ४.८८ नं गुणून सुमारे २२०० येतात. ३१ इंची टायरला घेर २.४७ मीटर, फेरे ४०५, आणि त्याच रेशोवर इंजिन १९७५ वर येतं. जुनं डिझेल भरल्या गाडीनिशी तिथे गुदमरतं. ५.३८ घातलं की पुन्हा २१७५. गाडी जशी चालायची तशी चालू लागते ती यामुळेच.

या हिशेबात स्पीडोमीटरही जवळजवळ बरोबर राहतो, कारण जुन्या जीपमध्ये तो ट्रान्सफर केसवरून, म्हणजे शाफ्टच्या फेऱ्यांवर चालतो. टायर तेच ठेवून नुसता रेशो बदललात तर मात्र काटा चुकीचा बोलेल.

पुढचं आणि मागचं, दोन्ही बदला

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. धारणीकडच्या एका ओळखीच्या कास्तकाराला एका गॅरेजमध्ये फक्त मागचं क्राऊन-पिनियन बदलून मिळालं होतं, पुढचं "दिवाळीनंतर पाहू" म्हणून राहिलं. उन्हाळाभर गाडी टू-व्हीलमध्ये छान चालली. पावसात त्यानं फोर-व्हील लावलं. चिखलात चाकं तशीही घसरतात, म्हणून काही कळलं नाही. डांबरावर आल्यावर लिव्हर निघेना. ओढून-ताणून चालवली तेव्हा पुढच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला आणि सुटलेल्या शाफ्टनं खालचा ब्रेक पाइप चेपला. घाटात असता तर काय झालं असतं, या विचारानं मला आजही अस्वस्थ होतं.

ट्रान्सफर केस फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकतो. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल तर मागचं चाक शंभर मीटर जाईल तेवढ्यात पुढचं एकशे दहा मीटर जायला बघतं. हा दहा मीटरचा झगडा कुठेतरी निघणारच. पैसे एकाच एक्सलपुरते असतील तर थांबा. दोन्ही संच हातात आल्यावरच काम काढा.

सामान

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून बनवतात. दोन्हींवर एकच जोड-क्रमांक कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर दुकानातूनच परत करा. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन कितीही नवं दिसलं तरी ते कधीच जुळत नाही. क्राऊन ज्या केसवर (डिफरन्शियलच्या पेटीवर) बसतो तो केस नव्या रेशोला चालतो का, हेही विचारा. काही एक्सलमध्ये एका ठरावीक रेशोच्या पुढे केसच बदलावा लागतो.

त्याशिवाय पिनियनची दोन आणि केसची दोन अशी चार बेअरिंगं, त्यांच्या वाट्या, शिमचा (फट जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच, पिनियनचं सील आणि नट, क्राऊनचे नवे बोल्ट, थ्रेड-लॉक, पॅकिंग. तेल ८० डब्ल्यू ९०, जीएल-५ दर्जाचं. या जोडीचे हायपॉइड, म्हणजे तिरके वळलेले दात एकमेकांवर सरपटतात, त्यांना हेच तेल लागतं. उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो-रिंगांना जीएल-५ मानवत नाही, तिथे जीएल-४ च.

हत्यारांत चुंबकी स्टँडचं डायल गेज, टॉर्क रेंच, बेअरिंग पुलर, मायक्रोमीटर आणि गाडी टेकवायला दोन मजबूत घोड्या. डायल गेज नसेल तर शेजारच्या लेथवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. त्याच्याशिवाय हे काम हाती घेऊ नका. "हातालाच कळते" म्हणणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, त्यांनी बसवलेली आणि सहा महिन्यांत रडायला लागलेली हाउसिंगंही पाहिली आहेत. डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षा थोड्या जास्त फटीचं हे काम आहे.

उघडताना

गाडी घोड्यांवर घ्या, नुसत्या जॅकखाली कधीच शिरू नका. तेल काढा, शाफ्ट सोडा, दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढा. काही जुन्या जीपमध्ये मागचा हब निमुळत्या शाफ्टवर चावीनं बसवलेला असतो, तो हब-पुलरनंच काढा. शाफ्टच्या तोंडावर घण मारला तर आतलं बेअरिंग आणि दोन शाफ्टांमधला ठोकळा दोन्ही जातात. पुढच्या बाजूला हब, स्पिंडल, ब्रेक असं बरंच काही निघतं. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढत चला.

झाकण उघडलं की लगेच काही सोडू नका. आधी जुन्या जोडीचा बॅकलॅश, म्हणजे क्राऊन-पिनियनच्या दातांमधला खेळ, मोजून लिहून ठेवा (कसा ते पुढे येतं). मग केसच्या बेअरिंगवरच्या दोन टोप्यांवर पंचनं खुणा करा: डावीला एक टिंब, उजवीला दोन, आणि वरची बाजू कोणती तेही. टोप्या बसवूनच हाउसिंगचं भोक कारखान्यात कापलेलं असतं, म्हणून त्या अदलाबदल चालत नाहीत. मी शिकत असताना ही खूण राहिली. टोप्या उलट बसल्या, बेअरिंग आवळलं गेलं आणि दोन महिन्यांत निळं पडून निघालं. मालकाला सगळं काम पुन्हा फुकट करून द्यावं लागलं, आणि ते रास्तच होतं.

केस जड असतो आणि एकदम सुटतो. बोटं खाली ठेवू नका. कोणत्या बाजूचे शिम किती जाड होते ते मायक्रोमीटरनं मोजून भिंतीवर खडूनं लिहा. आतले स्टार गिअर आणि त्यांचे वॉशर झिजले असतील तर आत्ताच बदला.

पिनियनची खोली

इथून खरं काम सुरू होतं. पिनियन क्राऊनच्या किती जवळ बसतं यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते ठरतं आतल्या बेअरिंगच्या वाटीमागच्या शिमवर. पिनियनच्या तोंडावर +१, -२ असा आकडा कोरलेला असतो, तो इंचाच्या हजाराव्या भागात. जुन्या पिनियनवर +१ आणि नव्यावर -२ असेल तर फरक तीनाचा, म्हणून शिम तीन हजारांश इंचानं, म्हणजे सुमारे ०.०८ मि.मी.नं वाढवा. उलट असेल तर तेवढाच कमी करा. हा फक्त सुरुवातीचा अंदाज. निकाल पुढे रंगाच्या ठशावर लागतो.

एक युक्ती सांगतो, तिच्यामुळे माझे कितीतरी दिवस वाचले. जुनी बेअरिंगं फेकू नका. त्यांचं आतलं भोक हलकं घासून ढिलं करा, हातानं सरकेल इतकं. तपासणीची सगळी जुळवणी या ढिल्या बेअरिंगांवर करा. शिम दहा वेळा बदलले तरी पुलर लावावा लागत नाही आणि नवी बेअरिंगं खराब होत नाहीत. शेवटी सगळं जुळल्यावरच नवी प्रेस करा. नवं बेअरिंग तेलात १०० अंशांच्या आसपास तापवून बसवलं तर ते अलगद उतरतं. थेट ज्योतीखाली धरू नका.

पिनियनचा ताण

पिनियन हातानं फिरवताना हलका, एकसारखा अडथळा लागला पाहिजे. ढिलं राहिलं तर भार येताच पिनियन मागे सरकतं, जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं. या प्रकारच्या एक्सलला नव्या बेअरिंगवर साधारण २३ ते ४६ किलो-सेंटीमीटर अडथळा ठेवतात. सील लावायच्या आधी आणि केस बाहेर असतानाच हे मोजायचं.

त्यासाठी महागडं हत्यार नसेल तरी चालतं. पिनियनच्या फ्लँजला दोरी गुंडाळा, टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि सावकाश ओढा. फ्लँजची त्रिज्या ४ सें.मी. असेल तर फिरत असताना काटा ६ ते ११ किलोच्या मध्ये दिसायला हवा. सुरुवातीचा झटका धरू नका. कापूस तोलायचा मोठा काटा इथे चालत नाही, त्याची एकेक रेघ अर्ध्या किलोची असते. वीस किलोचा लहान काटा आणा.

जुन्या जीपमध्ये हा ताण शिमनं ठरतो. बऱ्याच नव्या गाड्यांत दबणारी नळी, म्हणजे क्रश स्लीव्ह असते. नट हळूहळू आवळत, दर वेळी काटा पाहत जा. जास्त दबली तर नट मागे सोडून भागत नाही, नवी नळीच घालावी लागते.

बॅकलॅश

क्राऊन केसवर बसवताना बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. काही गाड्यांत ते उलट्या आट्यांचे असतात, सोडतानाच पाहून ठेवा. केस हाउसिंगमध्ये बसवून टोप्या आवळा. डायल गेजची सुई क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात टेकवा, पिनियन घट्ट धरा आणि क्राऊन मागेपुढे हलवा. साधारण ०.१३ ते ०.२० मि.मी. खेळ हवा. वेगवेगळ्या चार जागी मोजा. फरक ०.०८ च्या वर गेला तर क्राऊनखाली कचरा किंवा बारीक उंचवटा आहे, क्राऊन काढून बसणीची जागा साफ करा.

खेळ जास्त असेल तर क्राऊन पिनियनकडे सरकवा: एका बाजूचा शिम काढून तेवढाच दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंची बेरीज बदलू नका, नाहीतर केसच्या बेअरिंगांचा ताण बिघडेल.

ठसा वाचणं

आमचे जुने मिस्त्री तेलात कालवलेला शेंदूर लावायचे. ठसा छान उठायचा, पण शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तो नखांत राहतो आणि जेवणातून पोटात जातो. इंजिनिअर ब्लू किंवा गिअर तपासायची पिवळी पेस्ट आणा.

क्राऊनच्या चार-पाच दातांना दोन्ही बाजूंनी पातळ लेप द्या. एकानं क्राऊनला लाकडी फळीनं अडवून धरावं आणि दुसऱ्यानं पिनियन स्पॅनरनं फिरवावं. अडथळ्याशिवाय फिरवलं तर ठसा खोटा उठतो. दोन्ही दिशांना फिरवून झालं की टॉर्च तिरपी धरून पाहा. जिथे दात टेकला तिथला रंग पुसला जाऊन लंबगोल डाग उमटतो.

दाताला वर माथा असतो, खाली बुड, आत केंद्राकडचं टोक आणि बाहेरचं टोक. डाग माथा आणि बुड यांच्या मधोमध हवा. लांबीत तो किंचित आत-बाहेर सरकलेला चालतो, कडेवरून कापलेला चालत नाही.

डाग माथ्याशी चिकटलेला असेल तर पिनियन लांब आहे: खोलीचा शिम वाढवा. डाग बुडाशी गेला असेल तर पिनियन फार जवळ आहे: शिम कमी करा. डाग खोलीत ठीक पण बाहेरच्या टोकाला गेला असेल तर बॅकलॅश थोडा कमी करा, आतल्या टोकाला असेल तर थोडा वाढवा. खोली बदलली की बॅकलॅशही बदलतो, म्हणून दर वेळी दोन्ही पुन्हा मोजा. सुरुवातीला शिम ०.१२-०.१३ मि.मी.च्या मोठ्या उडीनं बदला, म्हणजे डाग कुठून कुठे सरकतो ते डोळ्याला कळतं. नंतर बारीक करा. पहिल्या एक्सलला मला अकरा वेळा खोलजोड करावी लागली होती, त्यामुळे चार-पाच वेळा झाली म्हणून खचू नका.

दाताच्या दोन्ही बाजू सारख्या महत्त्वाच्या आहेत. मागच्या एक्सलमध्ये गाडी पुढे जाताना दाताची फुगीर बाजू जोर घेते. जुन्या जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये तीच जोडी उलट तोंडानं बसते आणि पुढे जाताना पोकळ बाजू जोर घेते. पुढच्या एक्सलची फक्त फुगीर बाजू पाहून झाकण लावलं तर जी बाजू काम करणार ती न तपासताच राहिली.

बंद केल्यावर

टोप्या आणि नट टॉर्क रेंचनं, तुमच्या गाडीच्या आकड्यावर आवळा. सील आणि पॅकिंग नवं लावा, तेल भोकाच्या काठापर्यंत भरा, आणि हाउसिंगचं हवेचं नळकांडं मोकळं आहे का पाहा. ते चिखलानं बुजलं की तापलेलं तेल सीलमधून बाहेर येतं.

पहिले २५-३० किलोमीटर हळू चालवा आणि मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात, आणि आमच्याकडचा मे महिना त्यात भर घालतो. ८०० किलोमीटर होईपर्यंत ट्रॉली जोडू नका, चिखलात फसलेला ट्रॅक्टर ओढायला जाऊ नका. जोर देताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर ठसा चुकला आहे. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची असते.

मोठ्या टायरनं ब्रेकची पकडही कमी होते, म्हणून ब्रेक लायनर याच वेळी पाहून घ्या. आणि टायर बदलण्याआधी कागदांचा विचार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ मापाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि अपघात झाल्यावर विमावाला पहिलं बोट तिथेच ठेवतो. आरटीओत विचारून मगच माप ठरवा.

८०० किलोमीटरनंतर दोन्ही हाउसिंगचं तेल काढून पांढऱ्या फडक्यातून गाळा. राखाडी पिठासारखा थर दिसला तर ती नव्या दातांची झीज, नवं तेल भरा आणि कामाला लागा. बोटाला टोचणारा चकचकीत कण सापडला तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि झाकण पुन्हा उघडा.